कॅसिडीच्या तळ्यावरचे हंस

१

इसोबेल पॅक्स्टन पोलीस ठाण्यात शिरली तेव्हा तिचे बूट चिखलाने भरलेले होते आणि सार्जंट मॉरीन ट्रेलोर टोस्टला लोणी लावत होती.

"कॅसिडीच्या तळ्यावर काळे हंस मरून पडलेत," इसोबेल म्हणाली. "पूर्वेच्या काठावर. एकदोन नाहीत, बाई. रांग लागलीय."

मॉरीनने टोस्ट तसाच ठेवला. टॅलिस क्रॉसिंग गावात या आठवड्यात शांतता नसणार हे तिला ठाऊकच होतं. शनिवारी बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता. दर शरदात बंदुका घेतलेली माणसं यायची, आणि त्यांच्यामागोमाग नारिंगी जाकिटं घातलेली इसोबेलची मंडळी यायची. मेलबर्नच्या एका शाळेतून निवृत्त झालेली ही बाई हंगामाच्या पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात उतरून जखमी पक्षी उचलून आणायची. अर्धं गाव तिच्याशी बोलत नव्हतं. उरलेलं अर्धं चोरून बोलायचं.

दोघी तळ्यावर पोचल्या. दोन वर्षं धड पाऊस नव्हता. तळं इतकं आटलं होतं की पूर्वेच्या बाजूचे, शिकाऱ्यांनी दबा धरून बसायच्या जुन्या लपणांचे कुजके खांब पाण्याबाहेर आले होते. या बाजूला आता कुणी शिकारी येत नसे. रस्ता खचल्यापासून क्लबची लपणं पश्चिमेला हलली, त्याला जमाना लोटला होता.

हंस त्या खांबांच्या आसपास पडले होते. लांब माना चिखलात सरळ पसरलेल्या, लाल चोची उघड्या. चार हात अंतरावर बदकं आणि पाणकोंबड्या काही झालंच नाही अशा चरत होत्या.

मॉरीनने वाकून एक हंस उचलला आणि तिचा तोल गेला. जेवढा जोर लावला होता तेवढा लागलाच नाही. एवढा मोठा पक्षी, पण पिसांच्या उशीसारखा हलका. छातीचं हाड बोटांना टोचलं.

"रक्त नाही दिसत कुठे," ती म्हणाली.

"दवानं धुतलं असेल," इसोबेल म्हणाली. "हंगामाआधीच कुणीतरी हात साफ करून घेतलाय. हंसाला मारायची परवानगी कधीच नसते, तरीही."

हंस गावातल्या एकुलत्या एक पशुवैद्याकडे नेले. डॉक्टर जूडिथ लामॉन्ट गाईगुरं, घोडे, कुत्री सगळ्यांना बघायची, आणि हंगामात काठावर तंबू ठोकून जखमी पक्ष्यांवर फुकट उपचार करायची. मॉरीन आणि ती एकाच वर्गातल्या. दुपारी जूडिथने मॉरीनला बोलावून घेतलं, ड्रेसिंगच्या कपाटातला तळाचा खण उघडला आणि पट्ट्यांच्या गुंडाळ्यांखालून काचेची बशी काढली. बशीत करडे बारीक दाणे होते.

"हंसांच्या अंगातून निघाले," जूडिथ म्हणाली.

"छर्रे?"

"छर्रे."

"बंदुकीचेच?"

"दुसरे कुठले असतात, मॉरीन?"

मॉरीनने भिंतीवरच्या कॅलेंडरचं लोहचुंबक काढून बशीजवळ नेलं. एकही दाणा हलला नाही. म्हणजे पोलाद नव्हे, शिसं. पाणपक्ष्यांवर शिसं वापरायला बंदी येऊन वीसेक वर्षं झाली होती.

"एक घेऊन जाते," मॉरीन म्हणाली. "जुळवून बघायला लागेल."

जूडिथ क्षणभर थांबली. मग तिने चिमट्याने एक दाणा उचलून छोट्या पिशवीत टाकला. "आणि मॉरीन, बशी कुठे ठेवते ते कुणाला सांगू नकोस. या गावात आत्ता कोण काय करेल, नेम नाही."

२

बार्नी ओकशॉट हा शिकारी क्लबचा अध्यक्ष, आणि गावातलं हॉटेलही त्याचंच. शनिवारसाठी त्याच्या सगळ्या खोल्या भरल्या होत्या. मॉरीन आली तेव्हा तो ग्लास पुसत होता. पुसणं त्याने थांबवलं नाही.

"या, सार्जंटबाई. माझी बंदूक जप्त करायची असेल तर आधी एक बिअर घ्या."

"हंस कुणी मारले, बार्नी?"

"माझ्या पोरांनी नाही. परवाना जाईल अशी मस्ती हंगामाच्या तोंडावर करायला आम्हाला काय वेड लागलंय? आणि हंस मारून करायचं काय? बुटाच्या तळव्यासारखं मांस ते." त्याने ग्लास उलटा ठेवला. "फायदा कुणाचा ते बघ ना. तळं बंद व्हावं म्हणून कोण टाहो फोडतंय? ती मास्तरीण. कुठूनतरी मेलेले गोळा करून टाकले असतील आणून."

"आणि छर्रे?"

"तपास, म्हणतो मी. शहरातून माणूस आणा, फाडून बघा, दूध का दूध होऊ दे. मला भीती नाही." मग तो जरा पुढे झुकला. "हे मी सांगितलं असं म्हणू नकोस. पण क्लेमला विचार. मागच्या महिन्यात याच स्टुलावर बसून म्हणाला होता, एकेकाच्या माना पिरगाळतो."

क्लेम गॅविगनचं शेत पूर्व काठाला लागून होतं. म्हातारा ऐंशीच्या घरातला, बायको गेल्यापासून एकटा. तळं आटल्यामुळे हंस त्याच्या कोवळ्या पिकात चरायला येत आणि जेवढं खात त्याच्या दुप्पट तुडवत. मॉरीनचं माहेर त्याच्या शेजारचंच, लहानपणी ती त्याच्याच तट्टावर बसायला शिकली होती.

"बोललो होतो, खरंय," क्लेमने चहाची किटली चुलीवरून उतरवली. "दारूत माणूस काय काय बोलतो. तू पण लिहून घेतेस की काय, पोरी?"

"हंस मारलेत तुम्ही, क्लेम?"

"नाही."

"बंदूक?"

"कोठारात आहे. परवाना आहे. जा, बघ."

कोठारात बंदूक होती, तेल लावून पुसलेली. तिच्यावरच्या फळीवर जुनी गोणपाटं रचलेली होती. मॉरीनने ती बाजूला केली. मागे पुठ्ठ्याचे खोके होते, ओल लागून मऊ पडलेले. तिने एक उघडला. शिशाच्या छर्ऱ्यांची काडतुसं, काठोकाठ.

क्लेम दारात उभा होता. "बापाच्या वेळची आहेत ती," तो म्हणाला. "टाकून द्यायची राहिली."

मॉरीनने खोके उचलले आणि बंदूकही उचलली. गाडीपर्यंत जाताना म्हातारा तिच्यामागे आला नाही.

३

दुसऱ्या दिवसापर्यंत गावाने निकाल लावून टाकला. दुकानात क्लेमला पाव द्यायचं कुणी नाकारलं नाही, पण त्याच्याकडे बघायचंही टाळलं. त्याच्या फाटकावर कुणीतरी लाल रंग फेकला. क्लबवाले म्हणाले, एका म्हाताऱ्याच्या खुनशीपणापायी आमचा हंगाम जाणार. इसोबेलच्या तरुण मंडळींनी त्याच्या कुंपणासमोर फलक धरले. मॉरीन त्याच्याकडे गेली तेव्हा दारं-खिडक्या बंद होत्या आणि गाय दूध न काढल्यामुळे हंबरत होती. तिनेच बाह्या सारल्या आणि धार काढली. आतून क्लेमचा आवाज आला, "बादली पडवीत ठेव आणि जा."

शहरातल्या वन्यजीव खात्याने फोनवर सांगितलं की कायदा मोडून हंस मारले असतील, तर या हंगामात कॅसिडीचं तळं बंद ठेवायचा विचार आहे. मात्र मेलेले पक्षी आमच्या प्रयोगशाळेची बाई स्वतः येऊन तपासेल.

मॉरीनने हे जूडिथला सांगितलं तेव्हा ती एका कुत्र्याच्या पायाला प्लास्टर घालत होती.

"कधी येणार?"

"उद्या."

"बरं," जूडिथ म्हणाली. प्लास्टर तिने पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतलं.

सकाळी तिचाच फोन आला. दवाखान्याचं मागचं दार पहारीने उचकटलेलं होतं. मोठा फ्रीझर सताड उघडा होता आणि आत बर्फाशिवाय काही नव्हतं. सगळे हंस गेले होते.

"आणि बशी?" मॉरीनने विचारलं.

जूडिथने कपाटाचा तळाचा खण ओढून दाखवला. पट्ट्यांच्या गुंडाळ्या होत्या. बशी नव्हती.

४

शहरातून आलेली बाई रिकामा फ्रीझर बघून चहा पिऊन परत गेली. अंगणात बार्नी आणि इसोबेल एकमेकांसमोर उभे होते.

"तुमच्याच लोकांनी नेले," इसोबेल म्हणाली. "पुरावा नाही तर गुन्हा नाही."

"पुरावा तपासा म्हणून बोंबलत कोण होतं? मी," बार्नी म्हणाला. "आता माझ्या क्लबवरचा डाग कसा जाणार? तपासणी झाली असती तर तुझंच बिंग फुटलं असतं, मास्तरीणबाई."

"मी ते पक्षी पोटाशी धरून आणले, ओकशॉट. माझं बिंग काय फुटणार?"

मॉरीन त्यांना तिथेच भांडत सोडून आत गेली आणि दवाखान्यात एकटीच उभी राहिली. घोड्यांना झोपवायची औषधं काचेच्या कपाटात जशीच्या तशी होती. दारू चढलेल्या पोराने दार फोडलं असतं तर आधी त्यांना हात लावला असता. चोराला फक्त हंस हवे होते. आणि बशी.

बशीपाशी तिचा विचार अडला. फ्रीझर कुणालाही सापडेल. पण पट्ट्यांखालची बशी? बाकीचे खण नीट बंद होते, एकही उपसलेला नव्हता. चोर सरळ त्या एका खणाशी गेला होता. ती जागा दोघींनाच माहीत होती. त्यातली एक ती स्वतः.

तिला ते पटेना. जूडिथ? जिने पक्ष्यांसाठी आयुष्यातला प्रत्येक शरद चिखलात घालवला, ती पक्ष्यांविरुद्धचा गुन्हा का लपवेल?

ठाण्यात येऊन तिने पिशवीतला दाणा टेबलावर ओतला. तो अजून आपल्याकडे आहे हे जूडिथ घाईत विसरली असावी, किंवा मागायची हिंमत झाली नसावी. मग तिने क्लेमच्या खोक्यातलं एक काडतूस चाकूने चिरलं. छर्रे घरंगळत बाहेर आले. गोल, टपोरे, मिरीच्या दाण्यासारखे.

हंसातला दाणा त्यांच्याशेजारी ठेवला आणि ती बघतच राहिली. तो गोल नव्हता. मसुरीच्या डाळीसारखा चपटा, कडेला पातळ, आणि वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. हाडावर आपटून चपटा झालेला छर्रा तिने पाहिला होता, तो वेडावाकडा होतो, त्याला ओरखडे असतात. हा कुणीतरी दिवसेंदिवस बसून घासल्यासारखा होता.

कशाने घासला? पाट्यावर दळल्यासारखा?

तिने टोपी उचलली आणि इसोबेलला शोधून काढलं. "माझ्यासोबत तळ्यावर चला. मला एक जिवंत हंस हवाय."

काठाकाठाने दोघी बराच वेळ चालल्या. जुन्या खांबांच्या पलीकडे, लव्हाळ्यात, तो बसला होता. माणसं जवळ आली तरी उडाला नाही. पंख छपरासारखे अंगाबाहेर लोंबत होते. मान उचलायचा प्रयत्न करायचा आणि ती अर्ध्यातून वाकून पाण्यात पडायची. पुन्हा उचलायचा.

इसोबेल पाण्यात गुडघ्यावर बसली. जाकीट काढून तिने हंसाभोवती गुंडाळलं, एका हाताने त्याची मान आपल्या खांद्यावर टेकवली.

"याला कुठे लागलंय?" तिने पिसांमधून बोटं फिरवली. मग पुन्हा फिरवली. "सार्जंट, याला कुठेच लागलेलं नाहीये."

५

दोघी त्या हंसाला जूडिथकडे न नेता पलीकडच्या गावातल्या पशुवैद्याकडे घेऊन गेल्या. त्याने एक्स-रे काढला आणि दिव्यावर धरला. हंसाच्या पोटात, एकाच ठिकाणी, मूठभर पांढरे ठिपके गोळा झाले होते. बाकी सगळं अंग स्वच्छ. एक हाड मोडलेलं नाही.

"शिसं भिनलंय," तो म्हणाला. "पक्ष्याला दात नसतात. दाणे दळायला तो खडे गिळून पोटातल्या पिशवीत ठेवतो. याने खड्यांबरोबर छर्रे गिळलेत. ते दळले जातात, विष रक्तात उतरतं. मान धरवत नाही, खाल्लेलं पुढे सरकत नाही, भरल्या तळ्यात उपाशी मरतो."

"छर्रे चिखलातले?"

"कुठले का असेनात, बऱ्याच जुन्या काळातले. शिसं काही कुजत नाही."

परतीच्या वाटेवर मॉरीनने गाडी रस्त्याकडेला थांबवली. हंस मागच्या सीटवर, इसोबेलच्या मांडीवर होता. मॉरीनच्या डोळ्यांसमोर पूर्वेचा काठ होता. जुनी लपणं, त्यांच्यासमोरचं पाणी, त्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या सुटलेल्या बंदुका. एक पक्षी पाडायला शेकडो छर्रे उडतात, बाकीचे सगळे तळाशी जातात. इतकी वर्षं ते खोल पाण्याखाली होते. तळं आटलं आणि लांब मानेच्या हंसांची चोच तिथपर्यंत पोचली. बदकांची नाही पोचली, म्हणून बदकं चरत राहिली. हंसांच्या अंगावर रक्त नव्हतं कारण जखमच नव्हती, आणि ते हलके होते कारण ते भुकेने मेले होते.

त्या लपणांतल्या एकात तिचा बाप बसायचा. ती सात-आठ वर्षांची असताना तिला सोबत न्यायचा आणि पडलेली बदकं धरायला द्यायचा. त्यांच्या माना हातात ऊन लागायच्या, अजूनही आठवल्या की लागतात.

"कुणीच गोळी झाडली नाही," ती म्हणाली.

"झाडली की," मागून इसोबेल म्हणाली. "पोचायला वेळ लागला इतकंच." मग काही वेळाने, "जूडिथला हे माहीत होतं. नाही का?"

"पहिल्या हंसाचं पोट उघडलं तेव्हापासून."

"हे बाहेर आलं तर शनिवारी तळं उघडेल. ते म्हणतील, आम्ही तर आता पोलाद वापरतो, बापजाद्यांचं पाप आमच्या माथी कशाला. आणि पश्चिमेला बंदुका उभ्या राहतील." तिचा हात हंसाच्या पाठीवर फिरत होता. "तुम्ही मला गप्प बसा म्हणालात, तर मी बसेन की नाही, मला खरंच सांगता येत नाही."

"क्लेमच्या फाटकावर रंग आहे, इसोबेल."

"माहितीय. माझ्या पोरांनी टाकला." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "चालवा गाडी."

जूडिथ दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मॉरीन तिच्याशेजारी बसली आणि एक्स-रेची फिल्म तिच्या मांडीवर ठेवली. जूडिथने ती उजेडाकडे धरलीसुद्धा नाही.

"बशी न्यायला नको होती तू," मॉरीन म्हणाली. "खण फक्त आपल्याला माहीत होता."

"ते मला दार फोडून झाल्यावर सुचलं. पण परत ठेवावी तर ती बाई बघणार. एक नजर टाकली असती तरी तिला कळलं असतं." जूडिथचा आवाज अगदी साधा होता. "हंस मागच्या भट्टीत जाळले. मेलेली कुत्री जाळतो तिथे."

"तू माझ्याशी खोटं बोलली नाहीस. मी आठवून पाहिलं. अंगातून निघाले म्हणालीस. छर्रे म्हणालीस. गोळी लागली असं एकदाही म्हणाली नाहीस."

"तू स्वतःच तसं समजलीस. मी समजू दिलं." तिने हात गुडघ्यांवर ठेवले. "मॉरीन, दरवर्षी त्या तंबूत किती पक्षी माझ्या हाताखाली येतात माहितीय? पंख तुटलेला, डोळा फुटलेला, चोच उडालेली. वाचतात फार थोडे. बाकीच्यांना मीच सुई देते. सगळे म्हणतात, जूडिथ पक्ष्यांना वाचवते. मी मारते गं, मॉरीन. त्यांनी अर्धवट टाकलेलं मी पुरं करते. एवढी वर्षं अर्ज केले, आकडे दिले, सुनावण्यांना गेले. मग हे हंस आले. वाटलं, एकदाच, एकच हंगाम, निदान या तळ्यावर मला सुई हातात धरावी लागणार नाही."

"आणि क्लेम?"

"तू त्याच्या कोठारात जाशील असं वाटलं नव्हतं. कुणीच सापडणार नाही, नुसताच संशय राहील असं धरून चालले होते. तू खोके घेऊन आलीस तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंच नाही. रोज ठरवत होते."

"तुला माझ्याबरोबर यावं लागेल."

"हो. कुत्र्याच्या प्लास्टरचं तेवढं सांगते दवाखान्यातल्या मुलीला, आणि येते."

६

शुक्रवारी सभागृह भरलं. मॉरीनने उभं राहून सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. जूडिथ पहिल्या रांगेत बसून होती. तिच्यावर खटला होणार होता, पशुवैद्यकीच्या परवान्याचं काय होईल ते पुढे ठरणार होतं.

मॉरीनचं बोलणं संपताच बार्नी उठला.

"म्हणजे आमच्यातला कुणीच नाही. हेच मी सुरुवातीपासून सांगत होतो. क्लेम, तुझी माफी मागतो, सगळ्यांसमोर. आणि सार्जंट, आता खात्याला कळव, उद्या तळं उघडायला काही हरकत नाही."

टाळ्या पडल्या. इसोबेल उभी राहिली, पण तिच्याआधी मागच्या रांगेतून एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. क्लेम आल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"बार्नी, बस जरा," तो म्हणाला. "तिसरं लपण माझं होतं. दुसरं माझ्या बापाचं. पहिलं हिच्या बापाचं," त्याने मॉरीनकडे बोट केलं. "चौथ्यात तुझा आजा बसायचा आणि पिऊन झोपायचा. आमच्यातला कुणीच नाही असं कसं म्हणतोस? आमच्यातलेच सगळे."

त्याने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"मला वाटायचं, चुकलेला छर्रा वाया गेला," तो पुढे म्हणाला. "पाण्यात पडला, संपला. मी तरुण होतो तेव्हा उडवलेल्या बारांमुळे हे हंस आत्ता मेले. मी घरात बसून होतो, आणि माझी बंदूक बाहेर चालू होती. तू पोलाद वापरतोस, ठीक. पण जो पक्षी तू जखमी करून लव्हाळ्यात हरवतोस, तो कुठे जातो हे तू बघितलंयस कधी? मी नाही बघितलं. साठ वर्षांत एकदाही शोधायला गेलो नाही." तो थांबला, मग म्हणाला, "मला एवढंच बोलायचं होतं. मला सवय नाही," आणि बसला.

बार्नी काही बदलला वगैरे नाही. पण तळं उघडा असं पुन्हा म्हणालाही नाही.

खात्याचा निर्णय संध्याकाळी आला. गाळात विष आहे म्हणून कॅसिडीचं तळं कुणासाठीच उघडणार नाही, गाळ उपसेपर्यंत. कारण वेगळं होतं, पण तळं बंद झालं. बाकीची पाणथळं ठरल्याप्रमाणे शनिवारी उघडणार होती. बार्नीच्या खोल्यांतली माणसं नकाशे काढून ग्रीलीच्या दलदलीचा रस्ता शोधायला लागली.

मॉरीन क्लेमची बंदूक परत द्यायला गेली. त्याने दार उघडलं, बंदुकीकडे पाहिलं.

"राहू दे तुझ्याकडेच. वितळवायला वगैरे पाठवता ना तुम्ही?" मग तो घुटमळला. "ती मास्तरीण आली होती. रंग घासून गेली स्वतः. म्हणाली, उद्या ग्रीलीला पक्षी धरायला माणसं कमी पडतील. अर्धी पोरं शरमेने घरी गेलीत."

"जूडिथ असेल तिथे तंबूत. निकाल लागेपर्यंत तिला काम करता येतं."

"माहीत आहे." म्हातारा फाटकाकडे बघत राहिला. "तिच्याशी मला बोलायचं नाही. पण मला तिथवर नेशील का?"

ग्रीलीवर सकाळ उजाडायच्या बेतात बंदुका सुरू झाल्या. आधी एक, मग चहूकडून. आकाशातले थवे फुटले, वर गेले, परत वळले, कारण दुसरीकडे जायला पाणी नव्हतं. मॉरीन काठावर गणवेशात उभी होती, दोन्ही बाजूंना शांत ठेवणं हे तिचं काम होतं. पक्षी वाचवणाऱ्यांना परवानगी असलेली वेळ होताच नारिंगी जाकिटं पाण्यात उतरली. त्यांच्यात एक जाकीट फार मोठं होतं, बाह्या दुमडलेल्या.

क्लेम लव्हाळ्यात घुसला. पाडलेला पक्षी कुठे जाऊन दडतो हे शोधायला तो पहिल्यांदाच निघाला होता. बराच वेळ तो दिसला नाही. मॉरीनने पाण्यात पाऊल टाकलं, तेवढ्यात लव्हाळी हलली आणि तो बाहेर आला, छातीशी काहीतरी धरून, मांडीपर्यंत भिजलेला.

तंबूत जूडिथचं टेबल होतं. त्याने पक्षी तिच्यासमोर ठेवला. करडं बदक होतं, एक पंख लोंबत असलेलं, डोळे उघडे. जूडिथने वर पाहिलं आणि तिचे हात थांबले.

क्लेम तिच्याकडे बघत नव्हता. बदकाकडे बघत होता.

"हे जगेल का?" त्याने विचारलं.

जूडिथने वाकून हाड चाचपलं, डोळ्यावर बोट फिरवलं, पुन्हा हाड चाचपलं. मॉरीनला वाटलं, आता ती सुईकडे हात नेणार.

"जगेल कदाचित," जूडिथ म्हणाली. "पंख सरळ धरा. इथे, खाली. घट्ट नको."

क्लेमने पंख धरला. बाहेर पुन्हा बार झाले आणि बदक त्याच्या हातात थरथरलं. त्याने दुसरा तळवा अलगद त्याच्या डोळ्यांवर ठेवला, आणि जूडिथ पट्टी गुंडाळायला लागली.